पिवळं हेल्मेट घातलेलं बुजगावणं

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या मते मी कुठल्याही प्रवासाबद्दल लिहायला बसले, तर निम्मी पानं माझ्या घाबरण्यानेच भरतील. मी पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, अनोळखी नंबरवरून फोन आला तर आधी देवाचं नाव घेते. सोलापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं एका निबंधाशी झटते आहे. फसवणूक म्हणजे नेमकं काय, हे गणिताच्या भाषेत सांगायचं, असा त्याचा विषय. "सापाला भिणाऱ्याने गारुड्याकडे नोकरी धरावी, तसं चाललंय तुझं," असं सुधीर म्हणतो. माझं म्हणणं उलट होतं. एखाद्या गोष्टीची व्याख्या केली की तिची भीती निम्मी होते, अशी माझी समजूत होती, ती मुळशीला जाऊन येईपर्यंत टिकली.

दसरा झाल्यावर आम्ही गेलो. भात तयार होत आलेलं असतं तेव्हा मुळशी बघावी, असं ज्याने त्याने सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर जावं. फक्त पुढचं वाचून मग जावं.

मारुंजी

पहिला मुक्काम मुलीकडे, केतकीकडे. हिंजवडीत नोकरी आणि मारुंजीत भाड्याचा फ्लॅट. रस्त्यावर टेम्पो, दुचाक्या, मोमोजच्या गाड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध एका पत्र्याच्या गोठ्यात शांतपणे रवंथ करणाऱ्या दोन म्हशी. म्हशींच्या मालकाची म्हणे समोर चार मजली इमारत आहे, सगळी भाड्याने दिलेली. आमच्याकडे शेत विकलेला माणूस गाव सोडून जातो. इथे तो तिथेच राहून लोकांना खोल्या देतो.

फ्लॅट घेताना एजंटाने केतकीला सांगितलं होतं, 'पाणी चोवीस तास.' पाणी खरोखरच चोवीस तास येतं. ते टँकरचं असतं, हे मात्र राहायला आल्यावर कळलं.

"आता सांग," केतकी मला म्हणाली, "त्याने मला फसवलं की नाही? शब्द तर खरा होता."

मी लगेच सरसावून बसले. माझ्या व्याख्येत शब्द खरा की खोटा याला महत्त्व नाही. तीन गोष्टी लागतात. सांगणाऱ्याला खरी स्थिती माहीत हवी. त्याच्या सांगण्याने ऐकणाऱ्याचा अंदाज खऱ्यापासून आणखी लांब जायला हवा. आणि त्या चुकीच्या अंदाजावर ऐकणारा जे पाऊल उचलेल, त्यात सांगणाऱ्याचा फायदा हवा. एजंट तिन्हींत बसतो.

"आणि फायदा नसेल तर? नुसती मजा म्हणून केलं तर?"

"मजा हाही फायदाच," मी म्हटलं.

"मग बाबा रोज तुला फसवतात," केतकी म्हणाली आणि दोघं बापलेक हसले. सुधीरला थट्टेची भारी हौस. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या उशीखाली रबरी विंचू ठेवला होता. वय वाढलं, साखरेचा आजार जडला, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं, पण थट्टा काही गेली नाही.

रिहे

मारुंजीहून घोटावड्यावरून रिह्याच्या खोऱ्यात उतरलं की डोळे निवतात. तिन्ही बाजूंना डोंगर आणि मधे पायरीपायरीने उतरत गेलेली भाताची खाचरं. मधे मधे शहरातल्या लोकांची फार्महाऊसं, एकाला तर किल्ल्यासारखे बुरूजही. आम्ही उतरलो ते मात्र किसनराव आणि हौसाबाई या शेतकरी जोडप्याकडे. घराला लागून त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. किसनराव पिरंगुटच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर जातात आणि उरलेल्या वेळात भात, म्हैस आणि पाहुणे सांभाळतात. हौसाबाई पहिल्याच चहाला मला ताई आणि सुधीरला दाजी म्हणू लागल्या.

चहा हातात येताच मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. "इकडे बिबट्याबिबट्या काही नाही ना?"

"वाघ? न्हाई वो ताई!" हौसाबाई म्हणाल्या; बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात. "वरच्या रानात असंल येखांदं. हितं कशाला येतंय?"

"कवाच न्हाई," किसनराव म्हणाले, आणि म्हशीकडे निघून गेले.

मी निर्धास्त झाले. दुपारी खेकड्याचा रस्सा आणि इंद्रायणीचा भात झाला. भात इतका मऊ आणि वासाचा, की आमच्या कडक भाकरीवर वाढलेल्या सोलापुरी जिभेला आधी तो जेवण वाटेना, देवाचा प्रसाद वाटला. शेंगांची चटणी मी घरून नेली होती. हौसाबाई चिमूटभर चाखून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दाजी, ह्ये रोज खाऊन तुमी जित्तं कसं?"

संध्याकाळी आम्ही दोघं खाचराच्या बांधावरून फिरायला निघालो. ऊन डोंगरामागे गेलं होतं. खालच्या खाचरात एक माणूस पाठमोरा उभा होता. अंगात कारखान्याचं राखाडी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. भात कमरेइतकं, त्यामुळे दिसत होता तेवढा अर्धाच. मी हाक मारली, "काय हो, भात कधी निघणार?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तो हलेना, वळेना. सुधीर तोंडावर हात धरून उभा होता, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण बुजगावण्याची चौकशी करतोय. मी खजील होऊन चार पावलं मागे आले, आणि तेवढ्यात बुजगावण्याने हात वर केला.

मी इतक्या जोरात किंचाळले, की हौसाबाईंना घरात ऐकू गेलं.

ते किसनराव होते. चुकचुकत बांधावर आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "म्याडम, माफ करा. तुमाला भिववायचं नव्हतं. डुकरांची येळ झालीया."

मग त्यांनी सांगितलं ते असं. भात पिकत आलं की रानडुकरं उतरतात. खाचरात आडव्या-उभ्या बांबूवर पेंढा बांधून बुजगावणं करायचं, ते सगळेच करतात. किसनराव त्याला कामावरचं न धुतलेलं जाकीट घालतात, माणसाच्या घामाचा वास यावा म्हणून. जाकीट आणि हेल्मेट यांचे त्यांच्याकडे दोन जोड आहेत, एक बुजगावण्याच्या अंगावर, एक घरात खुंटीला, आलटून पालटून. "पन डुकरं लई शानी. रोज पेंढाच हुबा ऱ्हायला तर चार दिसांत वळखत्यात. मंग मी मधीच त्याला बांबूवरनं सोडवून झोपवतो आन त्याच्या जागी मीच हुबा ऱ्हातो, काठी घिऊन. येकदा पाठीत बसली, की म्होरं पंदरा दिस पेंढ्यालाबी भित्यात."

"आन ती जाकिटं धुवू देत न्हाईत," हौसाबाई मागून म्हणाल्या. "डुकराला वास लागतोय म्हनं. आमाला घरात लागतोय त्येचं काय?"

जेवताना मी खुशीत होते. सोलापूरकडे ज्वारी राखायला माळ्यावर चढून गोफण फिरवतात, पाखरांशी सरळ भांडण. इथलं काम निराळं. खेळांच्या गणितात याला मिश्र चाल म्हणतात. कधी खरं, कधी खोटं, आणि कधी काय हे समोरच्याला कळता कामा नये. शिवाय माहितीच्या शास्त्राचाही नियम यात होता. ज्या खुणेने आपली शंका कमी होत नाही, ती खूण बातमी नव्हे. रोज तिथेच दिसणारी आकृती काहीच सांगत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. हे सगळं मी सुधीरला समजावलं. तो मन लावून ऐकत होता, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसरी सकाळ

सकाळी उठले तर समोरचं खोरं नव्हतं. धुकं इतकं दाट, की अंगणातली तुळस तेवढी दिसत होती. सुधीरने इन्सुलिन घेतलं. नाश्त्याच्या भाकऱ्या चुलीवर व्हायच्या होत्या. "तोवर जरा पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला, "तूही ये बांधावर, चहा झाला की." आवाजात थट्टेची लकेर होती. पण तेवढ्यात केतकीचा फोन आला. तिला रात्री माझ्या तिसऱ्या अटीत खोट सापडली होती. मी वाद घालत बसले आणि चहा गार झाला.

भाकऱ्या झाल्या, पिठलं झालं, सुधीर आला नाही.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. घेतल्यावर वेळेत पोटात काही गेलं नाही, तर साखर उतरते. आधी घाम, मग थरथर, मग माणूस गोंधळतो, बोलणं अडखळतं, आणि त्यानंतरचं मला लिहवत नाही. मी बांधावर जाऊन हाका मारल्या. धुक्यात हाक दूर जातच नाही. फोन लावला तर तो खोलीत उशीजवळ वाजला.

किसनराव म्हशीची धार काढत होते. अंगावर घोंगडी होती, तसेच उठले. हौसाबाई मागून आल्या. आम्ही खाचरांच्या कडेने उतरत गेलो. खालच्या खाचरात राखाडी जाकीट आणि पिवळं हेल्मेट धुक्यातून दिसलं. मी थबकले.

"त्यो आपलाच," किसनराव न थांबता म्हणाले. पेंढ्याचा, असा त्याचा अर्थ. किसनराव तर माझ्याशेजारी होते, म्हणजे ते बुजगावणंच. मी त्याच्याकडे नीट बघितलंही. मान खाली, हात आडव्या बांबूवर पसरलेले. कालच्यासारखी घाबरले नाही, याचं त्या गडबडीतही मला बरं वाटलं. आम्ही पुढे गेलो.

ओढ्यापाशी हौसाबाईंचा धीर सुटला. "आवो, परवाच हितनं कुत्रं नेलंय," त्या रडत नवऱ्याला म्हणाल्या.

"गप की!" किसनराव खेकसले.

मी ऐकलं. "कोणी नेलं? तुम्ही तर म्हणालात, वाघ नाही!"

किसनरावांनी मान फिरवली. हौसाबाईंनी पदराने डोळे पुसले. "सांगितलं आस्तं तर ऱ्हायला असता का तुमी, ताई? समदे हेच इचारत्यात. न्हाई म्हनावंच लागतंय."

खरं माहीत होतं, अंदाज लांब गेला, फायदा झाला. माझ्या तिन्ही अटी ओढ्याकाठी माझ्यासमोर उभ्या होत्या आणि मला त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. मला सुधीर हवा होता. मी काय काय बोलले ते आठवत नाही. चांगलं नक्कीच बोलले नाही.

वस्तीवरचे दोघे-तिघे काठ्या घेऊन धावत आले. वाघ म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे रानाकडे लागले. ओढ्यापलीकडे करवंदीची जाळी होती, वर झाडी. कोणी डबा वाजवू लागलं. मी प्रत्येक झुडपात पांढरा सदरा शोधत होते, कारण सुधीर सदऱ्यातच बाहेर पडला होता. पांढरं काही दिसू नये असंही वाटत होतं. त्या वेळी मी मनाशी जे नवस बोलले, ते संख्याशास्त्राच्या बाईला शोभणारे नव्हते.

जाळीत शिरताना किसनरावांची घोंगडी काट्यांत अडकली. "माझं जाकीट आन जा," त्यांनी हौसाबाईंना सांगितलं. त्या घराकडे पळाल्या. आम्ही डबे वाजवत, हाका मारत पुढे सरकत राहिलो. बऱ्याच वेळाने त्या धापा टाकत परत आल्या, हात रिकामे.

"खुटीला न्हाई."

"न्हाई कसं? कालच टांगलंय."

"जाकीट न्हाई आन ह्येल्मेटबी न्हाई. कायच न्हाई तितं."

किसनराव जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी रानाकडे पाठ फिरवली, वर खाचरांकडे बघितलं आणि धावत सुटले. मला कळायला एक क्षण जास्त लागला. कळलं तेव्हा मी ओढ्यात पडले, उठले, पुन्हा पडले.

खालच्या खाचरात खरं बुजगावणं जाकीट-हेल्मेटासकट भातात आडवं झोपवलेलं होतं. त्याच्या बांबूवर सुधीर होता. दोन्ही हात आडव्या बांबूवरून टाकलेले, गुडघे गेलेले, सगळं वजन काखांवर. अंग घामाने थंडगार. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच बघत होते.

थट्टा करायला गेला होता तो. मी चहा घेऊन बांधावर येईन, काल घाबरले त्याच जागी थांबेन, आणि तो हात वर करेल. मी आले नाही, म्हणून वाट बघत राहिला. नंतर हात वर होईना.

हौसाबाईंनी कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला. म्हशीला रोज देतात तो. मी सुधीरची मान धरली आणि त्याने गिळलेलं दिसेपर्यंत पुढचा तुकडा दिला नाही. निम्मा गूळ त्याच्या गळ्यावर सांडला. थोड्या वेळाने त्याचे ओठ हलले. मग माझ्या मनगटावरची त्याची बोटं आवळली गेली, आणि मी भातात बसून मोठ्याने रडले.

पिरंगुट

वस्तीवरच्या एकाच्या जीपमधून त्याला पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, माझ्याकडे बघून मलाही खुर्ची दिली. दुपारपर्यंत तो नीट बोलू लागला. बाहेर रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटली होती, राखाडी जाकिटांचे घोळके बसकडे चालले होते. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"तू बघितलंस माझ्याकडे," सुधीर म्हणाला.

"धुकं होतं."

"चांगलं बघितलंस. आणि गेलीस."

"मग हाक मारायची नाही का, मूर्खा!"

"मारत होतो की," तो म्हणाला. "आवाजच येत नव्हता."

मी त्याचं पांघरूण नीट केलं.

संध्याकाळी हौसाबाई भाकरी आणि आमचं सामान घेऊन आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या. "ताई, हितून म्होरं वाघाचं सांगंन मी येनाऱ्यास्नी. जो ऱ्हायचा त्यो ऱ्हाईल." मी त्यांना आत बोलावून बसवलं. राग शोधून पाहिला, सापडला नाही. कारण नीट बघितलं तर त्यांच्या खोट्याने आमचं काहीच बिघडलं नव्हतं. वाघ आहे, हे खरं कळलं, आणि त्या खऱ्यापायी आम्ही सगळे सुधीरकडे पाठ करून रानात गेलो. 'त्यो आपलाच' असं किसनरावांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. सुधीरचा फायदा म्हणाल तर एक हसू, तेही त्याला मिळालं नाही. आणि मला फसवलं ते माझ्याच आदल्या दिवशीच्या शहाणपणाने. जिथे रोज असतं तिथे असलेलं मी बघून सोडून दिलं.

केतकी रात्री आली. बाबांच्या उशाशी बसली. तिसऱ्या अटीबद्दल तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

सोलापूर

परत येऊन आता तीन महिने होतील. निबंध आहे तिथेच आहे. मुळशी कशी आहे, असं लोक विचारतात, तर मी खरंच सांगते. डोंगर सुंदर, भात असा की विसरणार नाही, माणसं मायेची. वाघ आहे. सकाळी एकट्याने फिरू नका.

गेल्या रविवारी हुरड्याला एका मैत्रिणीच्या शेतावर निघालो होतो. वाटेत ज्वारीच्या एका पट्टीत बुजगावणं दिसलं. मडक्याचं डोकं, कोणाचा तरी जुना पांढरा सदरा.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

सुधीरने थांबवली. हल्ली तो का म्हणून विचारत नाही. मी उतरले, बांध ओलांडला, ज्वारीतून वाट काढत निघाले. पाती हातांना कापत होती.

मागून गाडीची काच खाली झाली. "अगं," सुधीरने हाक मारली, "मी इथे आहे. गाडीत."

मला माहीत होतं. आत्ताच त्याच्या शेजारून उठून आले होते. तरीही मी त्या सदऱ्याच्या बाहीत हात घातला, आणि कडबा हाताला लागेपर्यंत काढला नाही.